परीक्षेचे गुण आणि उद्याचे यश

लखनौ शहरात गोमती नदीच्या उत्तरेस निशातगंज ही वस्ती आहे. दुकानांची दाटी आणि पुलावरची अखंड वर्दळ यांमुळे ती लखनौकरांच्या परिचयाची आहेच. परंतु उत्तर प्रदेशातील शिक्षकांना हे नाव निराळ्या कारणाने ठाऊक असते. १९८१ साली स्थापन झालेल्या राज्य शैक्षिक अनुसंधान व प्रशिक्षण परिषदेचा पत्ता निशातगंज हाच आहे. आणि शालेय शिक्षणाच्या राज्यव्यापी योजनांचा कारभार पाहणारे विद्याभवनही तेथेच आहे. दूरच्या एखाद्या खेड्यात दुसरीच्या वर्गातील मुलाने धडा कसा वाचला, याची नोंद अखेर आकड्याच्या रूपाने येथे येऊन पोहोचते.

हा आकडा नेमके काय सांगतो? मुलाला आज काय येते एवढेच तो सांगतो, की उद्या त्याला काय साधेल हेही त्यावरून समजू शकते? आईबाप, शिक्षक आणि शासन हे तिघेही दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्या उत्तरातून काढीत असतात. चौथीत मागे पडलेल्या मुलाविषयी ‘याच्या हातून काही व्हायचे नाही’ असे घरात बोलले जाते. शिष्यवृत्ती मिळविणाऱ्या मुलीकडून पुढे मोठ्या अपेक्षा धरल्या जातात. या भाकितांत तथ्य किती आणि समजूत किती, हे शास्त्रीय रीतीने तपासण्याचे काम शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. त्या कामाचा काही महत्त्वाचा भाग भारतात, आणि त्यातही मराठी व हिंदी बोलणाऱ्या मुलांवर झालेला आहे.

बिने यांचा मूळ हेतू

मानसिक कसोट्यांचा आधुनिक इतिहास पॅरिसमध्ये सुरू होतो. सक्तीचे शिक्षण आल्यानंतर नेहमीच्या वर्गात ज्यांचा निभाव लागत नाही अशा मुलांचा प्रश्न फ्रान्समध्ये उभा राहिला. तो सोडविण्यासाठी १९०४ साली शासनाने एक समिती नेमली. तीत आल्फ्रेड बिने हे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी व त्यांचे सहकारी थेओडोर सिमों यांनी १९०५ साली ३० प्रश्नांची एक श्रेणी तयार केली. प्रश्न सोप्याकडून कठिणाकडे जात होते. १९०८ साली त्यांनी हे प्रश्न वयानुसार लावले; अमुक वयाच्या बहुतेक मुलांना जे प्रश्न सुटतात ते त्या वयाचे प्रश्न, अशी ही योजना होती.

शिक्षकाच्या आवडीनिवडीवर किंवा मुलाच्या कपड्यांवर निर्णय अवलंबून राहू नये, आणि ज्याला मदतीची गरज आहे ते मूल नेमके ओळखता यावे, एवढाच बिने यांचा हेतू होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी वस्तू आहे असे मानणे त्यांना मान्य नव्हते. १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी या निराशावादाचा स्पष्ट निषेध केला. १९११ साली बिने वारले. पुढे कसोटी जगभर पसरली; हेतू मात्र प्रत्येक ठिकाणी तिच्याबरोबर गेला असे नाही. मदत करण्यासाठी काढलेले साधन अनेक देशांत निवडण्यासाठी आणि वगळण्यासाठी वापरले जाऊ लागले.

धारवाडची कसोटी

पॅरिसमधील मुलासाठी लिहिलेला प्रश्न भारतीय मुलास विचारला तर काय होईल? प्रश्नाचे भाषांतर करणे सोपे असते, परंतु त्याची कठिणता भाषांतरित होत नाही. एका भाषेत पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडी असलेला शब्द दुसऱ्या भाषेत पुस्तकी असू शकतो. जे चित्र एका देशात रोजच्या पाहण्यातले, ते दुसऱ्या देशात अनोळखी ठरते. म्हणून प्रत्येक प्रश्न नव्या समाजातील शेकडो मुलांना विचारून, तो कोणत्या वयास किती मुलांना सुटतो हे नव्याने ठरवावे लागते. यासच कसोटीचे प्रमाणीकरण म्हणतात, आणि त्यातून मिळणाऱ्या तुलनेच्या आकड्यांना मानके म्हणतात.

व्ही. व्ही. कामत यांनी हे कष्टाचे काम तेव्हाच्या मुंबई प्रांतात केले. बिने यांच्या श्रेणीची त्यांनी कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी पुनर्रचना केली. या कामाचा वृत्तांत १९३४ साली एका ब्रिटिश संशोधनपत्रिकेत आला आणि १९४० साली भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. धारवाड हे गाव या कार्याचे केंद्र होते. दोन भाषांच्या सीमेवर हे काम व्हावे यात एक सोय होती. एकाच परिसरात, सारख्या शाळांत शिकणारी, परंतु घरी निरनिराळ्या भाषा बोलणारी मुले तेथे होती. भाषा बदलली की कसोटी बदलते हे सूत्र तेथे प्रत्यक्ष डोळ्यांसमोर होते. कामतांची कसोटी पुढे अनेक दशके भारतात वापरात राहिली. तिची जुनी मानके आजच्या मुलांना जशीच्या तशी लावता येणार नाहीत. कारण मुले, शाळा आणि घरे, तिन्ही तेव्हापासून बदलली आहेत.

प्रयागची मनोविज्ञानशाळा

उत्तर प्रदेशात या विद्येला शासनाचा आश्रय लवकर मिळाला. आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण समितीने विद्यार्थ्यांना योग्य मार्गदर्शन मिळावे यासाठी मानसशास्त्रीय संस्थेची शिफारस केली होती. तीनुसार १९४७ साली अलाहाबाद, म्हणजे आजच्या प्रयागराज येथे मनोविज्ञानशाळा स्थापन झाली. डॉ. सोहनलाल हे तिचे पहिले संचालक. मुलाचा कल पाहून त्याला अभ्यासक्रम व व्यवसाय सुचविणे, आणि त्यासाठी हिंदीतील कसोट्या तयार करणे हे तिचे काम होते.

याच प्रांतात पुढे एक मोठी अडचण ध्यानात आली. कागदावर छापलेली कसोटी वाचता येणाऱ्यासाठीच असते. जे मूल कधी शाळेत गेलेच नाही त्याची बुद्धी कशी मोजावी? सी. एम. भाटिया यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेली कृतिकसोट्यांची मालिका हे या प्रश्नाचे एक उत्तर होते. तीत पाच कसोट्या आहेत. रंगीत ठोकळे जुळवून दिलेली आकृती बनविणे, चौकटीतील तुकडे न उचलता केवळ सरकवून योग्य जागी नेणे, नमुन्याप्रमाणे रेषाकृती काढणे, ऐकलेले लगेच परत म्हणून दाखविणे आणि चित्राचे तुकडे जुळविणे अशी ही कामे आहेत. स्मरणाच्या कसोटीत साक्षर मुलासाठी अंक, तर निरक्षर मुलासाठी ध्वनी घेतलेले आहेत. साक्षर व निरक्षर यांची मानके वेगळी ठेवली हे या मालिकेचे वैशिष्ट्य होय. शाळेत जाण्याने मुलाच्या कसोटीतील कामगिरीत फरक पडतो, ही गोष्ट त्या दोन वेगळ्या कोष्टकांत मान्य केलेली आहे. बुद्धीची कसोटी देखील काही अंशी मुलाला मिळालेल्या संधीचे मोजमाप करते, हे विसरून चालत नाही.

मोजमापातील चूक

कसोटी कितीही काळजीपूर्वक केली तरी तिच्या अंगी दोन गुण असावे लागतात. पहिला विश्वसनीयता, म्हणजे तेच मूल पुन्हा तपासले तर निष्कर्ष जवळजवळ तोच यावा. दुसरा सप्रमाणता, म्हणजे जे मोजावयाचे म्हणतो तेच प्रत्यक्ष मोजले जावे. शिंप्याची फीत ताणली जात असेल तर तिच्यात विश्वसनीयता नाही. आणि फीत उत्तम असूनही तिने वजन मोजू पाहिले तर तेथे सप्रमाणता नाही.

नेहमीच्या निबंधवजा परीक्षेत विश्वसनीयता किती कमी असू शकते, हे १९३५ साली इंग्लंडमध्ये हार्टोग व ऱ्होड्स यांनी दाखविले. त्यांनी शालान्त परीक्षेतील इतिहासाच्या अशा १५ उत्तरपत्रिका निवडल्या, की ज्यांना मूळ परीक्षेत सारखेच मध्यम गुण मिळाले होते. त्या १४ परीक्षकांनी तपासल्या, आणि एक वर्षाहून अधिक काळ गेल्यावर त्याच परीक्षकांकडून त्या पुन्हा तपासून घेतल्या. एकूण २१० निर्णयांपैकी ९२ निर्णय दुसऱ्या वेळी बदलले. परीक्षक तेच, उत्तरे तीच. तरीही उत्तीर्ण-अनुत्तीर्णतेचा किंवा श्रेणीचा निकाल वेगळा लागला. भारतातही १९६०-७० च्या दशकात एडविन हार्पर यांनी १० उत्तरपत्रिका ९० परीक्षकांना देऊन अशीच पाहणी केली.

या चुकीचा अर्थ एका साध्या हिशोबाने ध्यानात येईल. समजा, एका परीक्षेत गुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या पसरटपणाचे माप, १० आहे आणि विश्वसनीयता ०.८४ आहे. ही विश्वसनीयता बरीच चांगली समजली जाते. अशा परीक्षेत मापनाची प्रमाण चूक ४ गुणांची येते. ज्या मुलाची खरी पात्रता ३५ गुणांची आहे, त्याला समान काठिण्याच्या अनेक परीक्षांना बसविले, तर तीनपैकी सुमारे दोन वेळा त्याचे गुण ३१ ते ३९ यांच्या दरम्यान राहतील, आणि एरवी ते त्याहूनही दूर जातील. महाराष्ट्राच्या शालान्त परीक्षेत उत्तीर्णतेची रेषा ३५ टक्क्यांवर, तर उत्तर प्रदेशात ती ३३ टक्क्यांवर आहे. रेषेच्या अगदी जवळ उभे असलेले मूल कोणत्या बाजूस पडेल, हे पुष्कळदा त्याच्या ज्ञानापेक्षा त्या दिवशीच्या योगायोगावर अवलंबून असते. ३४ व ३६ यांतील अंतर कागदावर स्पष्ट दिसते. दोन मुलांच्या डोक्यांत ते असेलच असे नाही.

भाकीत म्हणजे काय

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आजच्या गुणांवरून उद्याचे गुण किती प्रमाणात सांगता येतात, हे सहसंबंध गुणांकाने मोजतात. दोन परीक्षांतील क्रम तंतोतंत जुळले तर हा गुणांक १ असतो. दोहोंत काहीच संबंध नसेल तर तो शून्य असतो. शालेय परीक्षांच्या बाबतीत तो बहुधा या दोहोंच्या मधे कोठेतरी येतो. प्रश्न असा, की अशा मधल्या गुणांकाचा व्यवहारात अर्थ काय?

१०० मुलांचा एक गट घ्यावा. पहिल्या परीक्षेतील क्रमानुसार त्यांचे वरचे ५० आणि खालचे ५० असे दोन भाग पाडावे. काही वर्षांनी दुसरी परीक्षा घ्यावी. दोन्ही परीक्षांतील गुणांची मांडणी नेहमीच्या घंटाकृती वक्राप्रमाणे आहे असे धरल्यास गणित पुढील उत्तर देते. सहसंबंध शून्य असेल तर वरच्या ५० पैकी २५ च वर राहतील; म्हणजे नाणे उडविल्यासारखेच. सहसंबंध ०.५ असेल तर सुमारे ३३ वर राहतील व १७ खाली येतील. सहसंबंध ०.७ इतका चांगला असला तरी सुमारे ३७ वर राहतील आणि १३ खाली येतील. जितकी मुले खाली आली तितकीच खालच्या अर्ध्यातून वर गेलेली असतील.

या उदाहरणात शास्त्राचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही दिसतात. शंभर मुलांविषयी बोलावयाचे असेल तर ०.७ चा सहसंबंध फार उपयोगी आहे. कोणत्या शाळेस किती जादा शिक्षक लागतील, कोठे पुस्तके आधी पोहोचवावी, हे त्यावरून ठरविता येते. परंतु त्या शंभरांतील एका विशिष्ट मुलाकडे बोट दाखवून ‘हे खालीच राहणार’ असे म्हणणाऱ्याचे भाकीत चार वेळांत सुमारे एकदा चुकेल. आणि त्या चौथ्या मुलाचे नाव आधी कोणालाच ठाऊक नसते.

येथे आणखी एका नियमाची ओळख करून घेणे इष्ट आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईबाप व मुले यांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अतिशय उंच आईबापांची मुले उंच असतात, पण सरासरीने त्यांच्याइतकी नाहीत. बुटक्या आईबापांची मुले बुटकी असतात, पण तितकी नाहीत. टोकाकडून सरासरीकडे होणारी ही माघार गुणांतही दिसते. सहसंबंध ०.५ असताना, पहिल्या परीक्षेत सरासरीहून २० गुण खाली असलेली मुले दुसऱ्या परीक्षेत सरासरीने १०च गुण खाली असतील. मधल्या काळात त्यांच्यासाठी कोणी काही केले नसले तरीही असे घडेल. म्हणून सर्वांत मागे असलेल्या शाळा निवडून त्यांच्यावर एखादी योजना राबविली आणि पुढील वर्षी त्या सुधारल्या, एवढ्यावरून योजनेला श्रेय देता येत नाही. तशाच, परंतु योजनेबाहेर ठेवलेल्या शाळांशी तुलना केल्यावाचून निष्कर्ष काढणे शास्त्रास मान्य नाही.

परीक्षेवाचून निकाल

भाकिताची खरी कसोटी २०२० व २०२१ या वर्षी लागली. कोविडच्या साथीमुळे परीक्षा रद्द झाल्या आणि जी परीक्षा झालीच नाही तिचे गुण काढण्याची वेळ शासनांवर आली.

इंग्लंडमध्ये १३ ऑगस्ट २०२० रोजी महाविद्यालय-प्रवेशाच्या परीक्षेचा निकाल गणकयंत्राच्या सूत्राने लावण्यात आला. शिक्षकांनी सुचविलेल्या श्रेणीपेक्षा सुमारे ४० टक्के श्रेणी खाली आल्या. सूत्रात त्या त्या शाळेच्या मागील वर्षांच्या निकालास मोठे वजन होते. त्यामुळे ज्या शाळेचा पूर्वीचा निकाल सामान्य होता तेथील असामान्य विद्यार्थ्याला आपल्या आधीच्या विद्यार्थ्यांचे ओझे वाहावे लागले. उलट, लहान वर्गांच्या बाबतीत शिक्षकांचाच अंदाज बव्हंशी ग्राह्य धरला गेला, आणि असे लहान वर्ग खाजगी शाळांत अधिक होते. विद्यार्थी रस्त्यावर आले. १७ ऑगस्टला हे सूत्र मागे घेण्यात आले. सरासरीच्या दृष्टीने समर्थनीय वाटणारे सूत्र व्यक्तीच्या बाबतीत किती अन्यायकारक होऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

भारतात २०२१ साली बारावीच्या परीक्षा रद्द झाल्या. महाराष्ट्राच्या मंडळाने दहावी, अकरावी व बारावीतील अंतर्गत मूल्यमापन यांना अनुक्रमे ३०, ३० व ४० टक्के वजन दिले. उत्तर प्रदेशाच्या मंडळाने दहावीस ५०, अकरावीस ४० आणि बारावीच्या पूर्वपरीक्षेस १० टक्के वजन दिले. दोन्ही सूत्रांचा केवळ सांगाडा घेऊन एक काल्पनिक हिशोब करून पाहता येईल. दहावीत ६०, अकरावीत ६० आणि बारावीच्या वर्षात कसून अभ्यास करून ९० टक्के मिळविणारी एक मुलगी कल्पावी. महाराष्ट्राच्या वजनांनी तिला ७२ टक्के मिळतील. उत्तर प्रदेशाच्या वजनांनी ६३. तीच मुलगी, तेच तिचे श्रम. परंतु एका सूत्राचा विश्वास तिच्या वर्तमानावर अधिक आहे, तर दुसऱ्याचा तिच्या भूतकाळावर. बाहेरच्या परीक्षेचे गुण अधिक विश्वसनीय म्हणून दहावीस जास्त वजन द्यावे, असे म्हणता येते. मूल दोन वर्षांत बदलते म्हणून ताज्या कामगिरीस द्यावे, असेही म्हणता येते. कोणते सूत्र अधिक अचूक, हे पूर्वीच्या वर्षांतील खऱ्या निकालांवर दोन्ही चालवून पाहिल्यानेच ठरेल. परंतु कोणते अधिक न्याय्य, हा प्रश्न केवळ गणिताने सुटणारा नाही.

भाकिताचा मुलावर परिणाम

हवामानाचे भाकीत ऐकून ढग आपली वाट बदलीत नाहीत. मूल मात्र आपल्याविषयीचे भाकीत ऐकते, आणि त्याचे शिक्षकही ते ऐकतात. अमेरिकेत रॉबर्ट रोझेन्थाल व लेनोर जेकबसन यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेच्या शिक्षकांना काही मुलांची नावे देण्यात आली. एका कसोटीनुसार ही मुले यंदा विशेष प्रगती करतील, असे त्यांना सांगण्यात आले. वास्तविक ही सुमारे एकपंचमांश मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. वर्षाअखेरीस पहिली-दुसरीच्या वर्गांत अशा मुलांची वाढ इतरांहून अधिक आढळली. वरच्या वर्गांत तसा फरक विशेष दिसला नाही. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली, आणि नंतरच्या अभ्यासांत परिणाम बहुधा लहान आढळला. तथापि लहान वयातील मुलावर मारलेला शिक्का निरुपद्रवी असतो असे गृहीत धरता येत नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येईल.

निशातगंजचे आकडे

या पार्श्वभूमीवर निशातगंजमध्ये जमा होणाऱ्या आकड्यांकडे पाहावे. ५ जुलै २०२१ रोजी केंद्र शासनाने ‘निपुण भारत’ ही योजना सुरू केली. २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलास समजून वाचता यावे आणि साधा हिशोब करता यावा, हे तिचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटास निदान ६० शब्द अर्थासह वाचावे असे तिचे एक लक्ष्य आहे. ही संख्या लहरीने घेतलेली नाही. एकेक अक्षर लावण्यातच सारे लक्ष खर्च झाले तर वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ विसरला जातो. मग अर्थ हाती लागत नाही, आणि चौथीपासून इतिहास, भूगोल, विज्ञान हे सगळेच विषय वाचनाच्या दारातूनच आत येतात. लहान वयातील वाचन हे पुढील प्रगतीचे चांगले पूर्वचिन्ह का मानले जाते, ते यावरून कळेल.

उत्तर प्रदेशात या योजनेखाली शासकीय प्राथमिक व उच्च प्राथमिक शाळांतील मुलांच्या राज्यव्यापी चाचण्या घेण्यात आल्या. खुणा करावयाच्या उत्तरपत्रिका मोबाइलने टिपून निकाल गोळा करण्याची पद्धत त्यांत वापरण्यात आली. शिक्षक-प्रशिक्षण घेणारे विद्यार्थीही शाळांत जाऊन एकेका मुलाचे वाचन तपासू लागले. एवढ्या मोठ्या राज्यात प्रत्येक मुलापर्यंत पोहोचण्याचा हा प्रयत्न सामान्य नव्हे.

परंतु ज्या आकड्यावर शाळेची प्रतिष्ठा ठरते तो आकडा वाढविण्याचा मोह शाळेस होतो. नेमका तोच उतारा घोटून घेणे, कच्च्या मुलास त्या दिवशी घरी ठेवणे असे प्रकार झाले तर आकडा चढतो आणि वाचन आहे तेथेच राहते. म्हणून ज्याच्या निकालावर शाळेचे काहीच अवलंबून नाही, अशा स्वतंत्र पाहणीची जोड आवश्यक असते. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारी ‘असर’ पाहणी या प्रकारची आहे. तीत कार्यकर्ते खेड्यांतील घरोघर जाऊन मुलाला समोर बसवून दुसरीच्या पातळीचा उतारा वाचावयास सांगतात. उत्तर प्रदेशाच्या ग्रामीण भागातील शासकीय शाळांत तिसरीत असलेल्या मुलांपैकी तो उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ साली १२.३ टक्के, २०२२ साली १६.४ टक्के आणि २०२४ साली २७.९ टक्के आढळले. मधल्या काळात शाळा दीर्घकाळ बंद होत्या हे ध्यानात घेतल्यास ही वाढ उल्लेखनीय आहे. त्याचबरोबर, चारांपैकी जवळजवळ तीन मुले तिसरीत असूनही दुसरीचा उतारा वाचू शकत नव्हती, हेही तोच आकडा सांगतो.

या तीन मुलांविषयीचे भाकीत आज करावयाचे झाले तर ते निराशाजनकच येईल. पण ते कशाच्या आधारावर केलेले असेल? ‘जसे चालले आहे तसेच पुढे चालू राहिले तर’, ही अट प्रत्येक शैक्षणिक भाकिताच्या पोटात दडलेली असते. वैद्याने ताप मोजावा आणि औषध न देता रोग्याचा शेवट सांगून निघून जावे, असे कोणी इच्छीत नाही. शाळेतील चाचणीचेही तसेच आहे. कोणत्या मुलास जोडाक्षरे अडतात, कोणास मात्रा ओळखता येत नाहीत, कोणास शब्द वाचता येतात पण अर्थ लागत नाही, हे सांगणारी चाचणी शिक्षकाच्या हाती उद्याचे काम देते. मुलांना केवळ क्रमांक देणारी चाचणी ते देत नाही.

शिक्षकांनी व पालकांनी गुणपत्रिका पाहताना काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. एका परीक्षेवरून मुलाविषयी मोठा निर्णय घेऊ नये. निरनिराळ्या वेळी व निरनिराळ्या रीतीने मिळालेले पुरावे एकत्र पाहावेत. दोन-चार गुणांच्या फरकास अर्थ चिकटवू नये. परीक्षा मुलाच्या भाषेत व अनुभवात बसणारी होती काय, हे विचारावे. धारवाडच्या आणि प्रयागच्या संशोधकांनी हाच प्रश्न प्रथम विचारला होता. आणि मागे पडलेल्या मुलाचे गुण हाती आले, की ते किती मागे आहे याबरोबरच ते नेमके कोठे अडले आहे, हे शोधावे. १९०५ साली बिने यांना याच प्रश्नाचे उत्तर हवे होते. गोरखपूर वा गडचिरोलीच्या एखाद्या एकशिक्षकी शाळेत तिसरीच्या मुलाशेजारी बसून त्याचे वाचन ऐकणारा शिक्षक तोच प्रश्न विचारीत असतो, आणि त्याचे उत्तर मिळाल्यावर दुसऱ्या दिवशीचा धडा कोठून सुरू करावा हे त्याला कळते.